अनोळखी मांडणी समोर आली की आधी मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत काउंटरवर वाट्या आणि ग्लास मांडून जे दाखवलं, ते इथे नीट लिहून देतोय. व्हिडिओत वेळ कमी पडला आणि दोन सामन्यांची गोष्ट अर्धीच राहिली. ती इथे पूर्ण सांगतो. जमलं तर घरातल्या अकरा वाट्या आणि अकरा ग्लास समोर घेऊन बसा. मस्करी नाही करत, मांडून बघितल्याशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही.

विषय आहे अमेरिकन फुटबॉलचा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नाही. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात, तो. तुम्ही म्हणाल, दुकान आणि हा खेळ यांचा संबंध काय? संबंध एवढाच, की या खेळात दर चाळीस सेकंदांनी तोच प्रसंग येतो जो आपल्याकडे वर्षातून एकदा-दोनदा येतो. समोरचा अशा पद्धतीने उभा राहतो, जशी आपण कधी तयारीच केलेली नसते. आपण अशा वेळी घाबरून रेट पाडतो नाहीतर हातावर हात ठेवून बसतो. त्या लोकांनी मात्र यावर पद्धत बसवलीये. ती पद्धत शिकायची.

आधी खेळ समजून घ्या, दोन मिनिटांत होतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, अडवणारे डिफेन्स. ऑफेन्सला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, म्हणजे तीस फूट. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही गेले तर चेंडू समोरच्यांचा. म्हणून बऱ्याचदा तीन प्रयत्न फसले की चौथ्याला चेंडू लांब लाथाडून देतात, त्याला पंट म्हणतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आधी सगळे थांबतात, रांगेत उभे राहतात, आणि मग चेंडू मागे दिला की हालचाल सुरू.

आता वाट्या मांडा. पाच वाट्या शेजारी शेजारी, ही ऑफेन्सची मधली भिंत. मधली वाटी म्हणजे सेंटर, तो चेंडू मागे देतो. त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. मागे क्वार्टरबॅक, म्हणजे कॅप्टन म्हणा, पास तोच टाकतो. उरलेल्या पाचांत एखादा धावणारा, दोन-तीन लांब उभे राहणारे रिसीव्हर, आणि भिंतीला चिकटून एखादा टाइट एंड. हा टाइट एंड अडवतोही आणि पासही पकडतो.

समोर ग्लास. नेहमीची मांडणी ४-३. चार ग्लास अगदी पुढे, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर, आणि उरलेले चार सगळ्यात मागे पास अडवायला. दुसरी नेहमीची मांडणी ३-४. ऑफेन्सवाले आठवडाभर सराव करतात तो बहुतेक वेळा अशाच ओळखीच्या मांडण्यांसमोर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नियम ऑफेन्सला बांधतात. चेंडू हलताना त्यांचे किमान सात जण रेषेवर हवेत. त्या क्षणी फक्त एकालाच हालचालीत राहता येतं, आणि तेही पुढे यायचं नाही. डिफेन्सला मात्र असं काही बंधन नाही. त्यांनी आपल्या बाजूला कुठेही उभं राहावं, शेवटच्या सेकंदापर्यंत इकडून तिकडे फिरावं. म्हणजे अनोळखी मांडणी दाखवायची मुभा जवळजवळ पूर्णपणे अडवणाऱ्याकडे आहे. आपल्या धंद्यात पण तसंच आहे. तुमचं भाडं, स्टॉक, कामगार, लायसन्स सगळं जागेवर बसलेलं असतं. नव्याने येणारा कुठेही उभा राहू शकतो.

चित्र पाठ करायचं की नियम

समजा ग्लास भलत्याच पद्धतीने उभे राहिले. सहा पुढे, मागे एकच. किंवा सेंटरसमोर कुणीच नाही आणि सगळे एका बाजूला गोळा. आता उजव्या गार्डने काय करायचं?

जो कोच चित्र पाठ करून घेतो, त्याचा गार्ड इथे अडकतो. त्याला सांगितलेलं असतं, "४-३ आली की तू अमक्याला धर, ३-४ आली की तमक्याला." तिसरंच काही आलं की तो मान वळवून शेजारच्याकडे बघतो. शेजारचा त्याच्याकडे बघतो. तेवढ्यात क्वार्टरबॅक आडवा.

म्हणून अमेरिकेत अगदी शाळेच्या टीमपासून नियम शिकवायची पद्धत आहे. नियम साधारण असा: माझ्या नाकासमोर कुणी आहे? असेल तर त्याला धर. नसेल तर माझ्या आतल्या फटीत कुणी आहे का? तिथेही नसेल तर मागचा सगळ्यात जवळचा लाइनबॅकर. काही कोच याच्याऐवजी मोजायला शिकवतात. सेंटरसमोरचा शून्य, मग बाहेरच्या बाजूला एक, दोन, तीन. गार्डचा एक नंबर, टॅकलचा दोन नंबर. ग्लास कसेही मांडा, मोजता येतातच. मांडणीचं नाव माहीत असायची गरज पडत नाही.

हे वाचून झालं की एक प्रयोग करा. वाट्या तशाच ठेवा, डोळे मिटा, आणि घरातल्या पोराला सांगा ग्लास कसेही लाव. डोळे उघडून प्रत्येक वाटीला वरचा नियम लावा. सात-आठ सेकंदांत तुम्हाला कळेल कोण कुणाला धरणार, आणि त्याहून महत्त्वाचं, कोणता ग्लास मोकळा राहतोय.

त्या मोकळ्या ग्लासबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरी मेख तिथे आहे.

अडवायला पाच वाट्या आहेत आणि सहा ग्लास धावून आले, तर एक मोकळा सुटणारच. हे गणित आहे, कितीही मेहनत करा, बदलत नाही. पण चांगल्या ऑफेन्सला तो कोण हे आधीच माहीत असतं. तो क्वार्टरबॅकच्या हिशोबात धरलेला असतो. त्याच्याकडून मार बसायच्या आत चेंडू हातातून सोडायचा, आणि तो जी जागा सोडून धावत आला, बहुतेक वेळा तिथेच टाकायचा. एक रिसीव्हर अशा वेळी आपोआप आपला मार्ग तोडून लवकर वळतो. न धरलेला माणूस परवडतो. न मोजलेला परवडत नाही.

आता मोजायचं तर सुरुवात कुठून? टीव्हीवर हा खेळ कधी लागला तर बघा, चेंडू हलायच्या आधी क्वार्टरबॅक किंवा सेंटर समोरच्या एकाकडे बोट दाखवून ओरडतो, "चोपन्न माइक! चोपन्न माइक!" माइक म्हणजे मधला लाइनबॅकर. पण अनोळखी मांडणीत मधला असा कुणी नसतोच कधी कधी. तरीही एकाला माइक ठरवतात. का? पाचही जणांची मोजणी एकाच माणसापासून सुरू व्हावी म्हणून. निवड थोडी चुकली तरी चालेल, पण पाचही जणांनी एकालाच धरून मोजलं पाहिजे. एकाने एक पकडला आणि दुसऱ्याने दुसरा, की मधे दरवाजा उघडा.

तुमच्या दुकानात कधी असं झालंय का बघा. नवीन स्पर्धक आला. तुम्ही म्हणता, "त्याचा रेट कमी आहे." काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "त्याची व्हरायटी जास्त आहे." घरात वहिनी म्हणतात, "तो घरपोच देतो म्हणून लोक जातात." तिघांनी तीन माइक धरलेत. मग तुम्ही रेट पाडता, पोरगा नवीन माल मागवतो, आणि घरपोच द्यायला कुणीच जात नाही.

समोरच्याला प्रश्न विचारायचा

मोजून झालं तरी एक गोष्ट कळत नाही. समोरचा दाखवतोय ते खरं आहे का? डिफेन्स उभा एका पद्धतीने राहतो आणि चेंडू हलला की करतो भलतंच.

यावर सोपा उपाय आहे. एका रिसीव्हरला चेंडू हलायच्या आधी या टोकाकडून त्या टोकाला चालवायचं. त्याच्याबरोबर एक ग्लास मागे मागे गेला, तर बहुतेक वेळा समजायचं की डिफेन्सने माणसाला माणूस नेमून दिलाय. कुणी मागे गेलं नाही, सगळे फक्त थोडे सरकले, तर त्यांनी जागा वाटून घेतल्यात. खर्च काय झाला? काही नाही. एक माणूस चालला. कबड्डीत चांगला रेडर पहिल्या खेपेला नुसता पाय टाकून साखळी कुठून आवळते ते बघतो, तसलाच प्रकार.

क्वार्टरबॅक आवाजाने पण हेच करतो. चेंडू मागायची हाक जोरात देतो, पण चेंडू घेत नाही. धावून यायच्या तयारीत असलेला ग्लास त्या हाकेला अर्धं पाऊल पुढे टाकतो. झालं, सापडला.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श यांनी ही विचारपूस सामन्याच्या पातळीवर नेली. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली ते आधीच लिहून ठेवायचे, पंधरा आणि पुढे पंचवीसपर्यंत. लोकांना वाटतं हा हट्टीपणा झाला, समोरचं न बघता चाली कशा ठरवता? पण त्या यादीत वेगवेगळ्या रचना मुद्दाम घातलेल्या असायच्या. आपण असे उभे राहिलो तर समोरचा कसा उभा राहतो, हे त्यातून कळायचं. उत्तरं टिपून ठेवायची आणि नंतर वापरायची. बीबीएला आम्हाला स्वॉटचा चौकोन भरायला शिकवलं होतं. वाईट नाही तो, पण चौकोन भरायला समोरच्याची माहिती आधी हातात लागते. वॉल्श यांची यादी ती माहिती मिळवून देते.

१९८५: शिकागो आणि मायामी

आता पहिला सामना. १९८५ साली शिकागो बेअर्सकडे एक मांडणी होती, नाव "४६". आकड्यावरून वाटतं चार पुढे सहा मागे, पण तसं नाही. डग प्लँक नावाच्या खेळाडूच्या जर्सीचा तो नंबर. डिफेन्सचे कोच बडी रायन यांनी ही मांडणी बसवलेली.

वाट्या-ग्लास घ्या. सेंटरसमोर एक ग्लास, दोन्ही गार्डसमोर एकेक. तिघांच्या नाकासमोर माणूस, म्हणजे कुणीच कुणाच्या मदतीला जाऊ शकत नाही. नेहमी सेंटर मोकळा असतो आणि डावीकडे किंवा उजवीकडे हात देतो, तेच बंद. एक माणूस भिंतीच्या टोकाला. दोन लाइनबॅकर टाइट एंडच्या बाजूला. मागचा एक सेफ्टी पण पुढे ओढलेला. रेषेजवळ सगळे मिळून आठ. बहुतेक टीमना काय चाललंय ते कळायच्या आत क्वार्टरबॅक जमिनीवर. नोव्हेंबरमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत बेअर्सनी डॅलसला ४४-० आणि अटलांटाला ३६-० असं हरवलं. बारा सामने, बारा विजय.

२ डिसेंबर १९८५, सोमवारची रात्र, मायामी. समोर डॉल्फिन्स, कोच डॉन शुला, क्वार्टरबॅक डॅन मरिनो. आदल्या वर्षी मरिनोने ५,०८४ यार्डांचे पास आणि ४८ टचडाउन केले होते, पण ४६ समोर मोठी नावं आधीही पडली होती. नावाने काही होणार नव्हतं.

मायामीने साधी मोजणी केली असं मला दिसतं. आठ पुढे आले, तर मागे किती उरले? तीन. मग त्यांनी तिसरा रिसीव्हर आणला, नॅट मूर, आणि त्याला आतल्या बाजूच्या जागेत उभं केलं. आता त्याला कोण धरणार? पुढे खेळायला ठेवलेल्या एखाद्या लाइनबॅकरला किंवा सेफ्टीलाच मागे जावं लागलं. ती माणसं अंगावर धावून जाण्यात वाघ, पण मूरसारख्या चपळ माणसामागे मोकळ्या मैदानात पळणं हे त्यांचं काम नव्हे. मरिनो चेंडू पटकन सोडायचा, मधून मधून बाजूला सरकून पास टाकायचा. समोरची भिंत तोडायच्या भानगडीत मायामी पडलीच नाही. भिंतीत माणसं जास्त झाली तर दुसरीकडे कमी झाली असणार, तिथे गेले.

मध्यंतराला ३१-१०. बेअर्सचे मुख्य कोच माइक डिटका आणि बडी रायन यांचं त्या वेळी आत जोरदार वाजलं, आणि मुद्दा हाच, की मूरवर लाइनबॅकर का ठेवलाय, पास अडवणारा जादा माणूस आत का घेत नाही. शेवटचा स्कोअर ३८-२४. त्या मोसमातला बेअर्सचा हा एकच पराभव. पुढे त्यांनी जानेवारी १९८६ मध्ये सुपर बोल ४६-१० असा जिंकला.

नशिबाचा भाग होता का? होता ना. मायामीचा एक टचडाउन तर चेंडू डॅन हॅम्प्टनच्या हेल्मेटवर आपटून मार्क क्लेटनच्या हातात गेल्यामुळे झाला. त्याचं श्रेय मोजणीला देऊ नका. पण पहिल्या अर्ध्यातले ३१ गुण एका उडालेल्या चेंडूने होत नाहीत.

२०१९: एकाच रात्री दोन्ही उत्तरं

हा दुसरा सामना मला जास्त आवडतो, कारण यात दोन्ही टीमचे ऑफेन्स अडकले होते आणि एकच सुटला.

३ फेब्रुवारी २०१९, अटलांटा, सुपर बोल. एका बाजूला लॉस एंजेलिस रॅम्स. कोच शॉन मॅक्व्हे, वय तेहतीस. मोसमातल्या १६ सामन्यांत त्यांनी ५२७ गुण केलेले, म्हणजे सामन्याला जवळजवळ तेहतीस. दुसऱ्या बाजूला न्यू इंग्लंड पेट्रियट्स, कोच बिल बेलिचिक.

मॅक्व्हे यांचा ऑफेन्स सुंदर होता. तीन रिसीव्हर, एक टाइट एंड, एक धावणारा, जवळजवळ कायम हीच माणसं. बाहेरच्या बाजूने धाव, आणि त्याच धावेचं सोंग करून पास. आणि एक खास गोष्ट. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरमध्ये येतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. रॅम्स लवकर रांगेत उभे राहायचे, म्हणजे मॅक्व्हे यांना समोरची मांडणी बघून क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला कानात सांगायला वेळ मिळायचा. गॉफचं वय तेव्हा चोवीस.

पेट्रियट्सनी काय केलं? सहा माणसं रेषेवर, मागे एकच लाइनबॅकर. ६-१. बाहेरची धाव बंद. ही मांडणी आकाशातून पडली नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये शिकागोने रॅम्सला तशीच दाखवली होती आणि १५-६ असं हरवलं होतं. त्याशिवाय वर्षभर माणसाला माणूस नेमून खेळणारे पेट्रियट्स त्या रात्री मागे जागा वाटून खेळले. आणि पंधरा सेकंदांनंतर, म्हणजे कानातला आवाज बंद झाल्यावर, मांडणी बदलायची, असाही त्यांचा डाव होता असं सामन्यानंतर सांगितलं गेलं.

रॅम्सच्या पहिल्या आठही पाळ्या पंटवर संपल्या. आठ.

तिसऱ्या सत्रातला एक क्षण बघा. ब्रँडिन कुक्स गोलच्या जागेत एकटा उभा. खरोखर एकटा, आसपास कुणी नाही. गॉफला तो दिसला, पण उशिरा. चेंडू हवेत असताना जेसन मॅकोर्टी लांबून धावत आला आणि पास पाडला. गॉफच्या हातात ताकद कमी नव्हती. समोर दिसतंय त्यावर विश्वास ठेवायला एक सेकंद जास्त लागला, असं मला ते बघून वाटतं. अनोळखी मांडणी आपल्याकडून जे घेते ते हेच. ताकद जागेवर असते, सेकंद जातो.

आता दुसरी बाजू. पेट्रियट्सचं पण काही चालत नव्हतं. रॅम्सच्या डिफेन्सचे कोच वेड फिलिप्स यांनी टॉम ब्रेडीला चौथ्या सत्रापर्यंत तीन गुणांवर धरलेलं. ३-३. दहा मिनिटांच्या आत सामना संपणार.

पेट्रियट्सच्या ऑफेन्सचे कोच जॉश मॅकडॅनियल्स यांनी तेव्हा नवीन चाल शोधली नाही. उलट वर्षानुवर्षांची जुनी, सगळ्यांना तोंडपाठ असलेली पासची चाल घेतली. बदललं काय, तर माणसं. जडजड गडी आत आणले, दोन मागचे, दोन टाइट एंड, रिसीव्हर एकच. हे बघून रॅम्सना वाटणार, धावणार आता, म्हणून त्यांनी पण आपले धिप्पाड लाइनबॅकर ठेवले. आणि मग ती जड माणसं पेट्रियट्सनी मैदानभर पसरून उभी केली. धिप्पाड लाइनबॅकरांना उघड्यावर पास अडवायला जावं लागलं. मधे ज्युलियन एडलमन, त्याच्यासमोर पण लाइनबॅकर.

एकच चाल, लागोपाठ तीन वेळा. माणसं तीच, फक्त उभं राहायची जागा बदलायची. पाच चालींत ६९ यार्ड. रॉब ग्रोंकाउस्कीने २९ यार्डांचा पास पकडला, दोन यार्ड उरले, सोनी मिशेलने धावून पूर्ण केलं. सामना १३-३. सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात कमी गुणांचा.

इथे थांबून हे परत वाचा. अनोळखी मांडणीने अडकल्यावर त्यांनी आपली सगळ्यात ओळखीची चाल काढली, आणि समोरच्यालाच अनोळखी जागी उभं केलं. ऐन वेळी नवीन चाल काढली असती तर ती आपल्याच अकरा जणांना अनोळखी झाली असती. मग मैदानात सगळेच गोंधळलेले.

आपल्या काउंटरवर

माझं भांड्यांचं दुकान आहे हे जुन्या प्रेक्षकांना माहितीये. आमच्या भागात काही काळापूर्वी हप्त्यावर कुकर आणि मिक्सर देणारी माणसं फिरायला लागली. दुकान नाही, बोर्ड नाही, रविवारी घरोघरी येणार, शंभर-दोनशे आगाऊ घेणार, बाकी आठवड्याला. माझ्या पोरांना पाठ होतं ते समोरच्या दुकानासाठी: "दादा, त्यांच्यापेक्षा पन्नास कमी लावतो." इथे समोर दुकानच नाही, पन्नास कमी कुणापेक्षा लावणार?

आम्ही बसून मोजलं. माइक ठरवला, "पहिल्या दिवशी द्यावे लागणारे पैसे." कुकरची किंमत धरली नाही, कारण एकूण किमतीत ते आमच्यापेक्षा महागच होते आणि तरी विकत होते. मग कुणाला धरायचं नाही ते ठरवलं. ज्या गिऱ्हाईकाला आज दोनशेच देता येतात आणि बाकी हप्त्याने, ते आम्ही सोडलं. उधारी वाढवून त्याच्या मागे धावायचं नाही, हे लिहून गल्ल्यापाशी चिकटवलं. आणि मोकळी जागा कुठे? रविवारी येणारा माणूस बुधवारी शिट्टी उडाली तर नसतो. कुकरची रिंग, शिट्टी, हँडल, मिक्सरची भांडी हे आमच्याकडे मागच्या कपाटात वर्षानुवर्षं होतं. तो डबा पुढे काउंटरवर आणला, आणि बाहेर पाटी लावली, कुठूनही घेतलेला कुकर असो, रिंग बसवून मिळेल. हे काम पोरांना झोपेत पण येतं. हप्तेवाले अजून फिरतात. त्यांचेच कुकर आता रिंग बसवायला आमच्याकडे येतात, आणि आलेली बाई रिकाम्या हाताने क्वचितच जाते.

एक सावधगिरी. सगळ्याच अनोळखी मांडण्या मोजून सुटत नाहीत. सहा जण धावून आले आणि तुमच्याकडे तीनच वाट्या असतील, तर ती पाळी पंट करायची, म्हणजे चेंडू लांब टाकून वेळ घ्यायचा. दुकानाच्या भाषेत, त्या सीझनचा माल कमी भरायचा आणि रोकड हातात ठेवायची. दिवाळीच्या तोंडावर कर्ज काढून समोरच्याच्या रेटला रेट लावू नका. आठ वेळा पंट करून पण रॅम्स चौथ्या सत्रापर्यंत ३-३ वर होते, हे विसरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ. रविवारी दुकान बंद झाल्यावर काउंटरवरच्या सगळ्यांना बसवा, घरातले जे हिशोबात असतात त्यांनाही. प्रत्येकाने वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, आपल्यासमोर सध्या सगळ्यात मोठा माणूस कोण, एकच नाव किंवा एकच गोष्ट. एकमेकांचं बघायचं नाही. चिठ्ठ्या उघडा. वेगवेगळ्या निघाल्या तर वाद घालत बसू नका, एक ठरवा आणि फळ्यावर लिहा. त्याच्या खाली दोन ओळी: कुणाला सोडणार, आणि आपली झोपेत येणारी चाल कोणती. मग सोमवारी एक छोटा प्रश्न समोरच्याला विचारा, म्हणजे एखादी वस्तू बाहेर मांडा, एखादी वेळ बदला, ज्याला पैसे लागत नाहीत असं काहीतरी, आणि तो हलतो का, कोण हलतं, हे आठ दिवस वहीत टिपा. वही पुढच्या व्हिडिओला लागणार आहे, तेव्हा सोबत घेऊन बसा.